मुक्ताबेनचं बेसणं

मुक्ताबेनच्या बेसण्याला लाभुबेन आल्या, फोटोपुढे हात जोडून उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच मला म्हणाल्या, "जशुबेन, तुमच्याकडेही पाणी मचूळ येतंय का हो?"

मी काय बोलणार? माझ्याकडे दोन दिवस पाणी आलंच नव्हतं. पण तसं सांगितलं असतं तर लाभुबेनची अडचण माझ्यापुढे लहान झाली असती आणि तिथेच उभ्या राहून त्यांनी सुनेचं काढलं असतं. म्हणून मी नुसती मान हलवली आणि त्यांना बायकांच्या सतरंजीकडे ढकललं.

बेसणं, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची शोकसभा, आमच्या ज्ञातीच्या वाडीत होतं, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. पेपरात चौकट दिली होती, चार ते सहा. रिवाज तसा सोपा आहे. पांढरे कपडे घालून यायचं, फोटोला पाकळ्या वाहायच्या, घरच्यांना 'काय झालं होतं?' म्हणून विचारायचं आणि दहा मिनिटं गप्प बसून उठायचं. सगळं भावनगर हे लहानपणापासून शिकलेलं आहे. त्यातलं गप्प बसणं तेवढं कुणाला जमत नाही.

फोटोशेजारी नयना उभी होती. मुक्ताबेनची एकुलती मुलगी, आदल्या दिवशीच नैरोबीहून आलेली. जो येईल तो तिला विचारायचा, "काय झालं होतं गं?" ती सांगायला लागायची, "दुपारी एकाएकी छातीत..." की समोरचा म्हणायचा, "अगदी असंच आमच्या व्याह्यांना झालं होतं बघ." मग व्याह्यांची छाती, व्याह्यांचा डॉक्टर, डॉक्टरकडची रांग आणि त्या रांगेत उभं राहून स्वतःच्या पायाला आलेली सूज. पोरीचं वाक्य शेवटपर्यंत गेलेलं मी काही ऐकलं नाही. कोपऱ्यावरचे पोपटभाई तर आल्या आल्या तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "फार वाईट झालं बेटा. बाहेर स्कूटर लावायला जागाच नाही."

मला चीड येत होती. पण खरं सांगायचं तर ही सगळी मंडळी मुक्ताबेननंच बिघडवून ठेवलेली होती.

आमच्या ओळीत तिचं घर तिसरं, माझं चौथं. तिच्या ओसरीवर झोपाळा आहे. दुपारची झोप झाली की चहाच्या आधी ती झोपाळ्यावर येऊन बसायची, मांडीवर गवार नाहीतर मेथीची जुडी घ्यायची, आणि मग ओळीतली एकेक अडचण चालत चालत तिच्या ओसरीवर यायची. लाभुबेनची सून डाळीत गूळ घालत नाही. पोपटभाईंच्या पोटातला वायू डाव्या बाजूला अडतो, उजव्या बाजूला अडत नाही, आणि डॉक्टर मात्र उजवी बाजू दाबून बघतो. कुणाचा मुलगा कॅनडाला गेलाय म्हणून त्रास, कुणाचा जात नाही म्हणून त्रास. माझा गुडघा तर मी रोज घेऊन जायचे. तो जिना चढताना दुखत नाही, उतरताना दुखतो. ही साधी गोष्ट नाही, त्यात बरंच काही आहे, पण ते आता राहू दे.

मुक्ताबेन सल्ला द्यायची नाही. 'माझंही तसंच आहे' असं तर तिच्या तोंडून कधी निघालंच नाही. ती फक्त एक शब्द म्हणायची, "मग?" तोही असा, की पुढे काय झालं हे कळल्याशिवाय तिला रात्रीची खिचडी गोड लागणार नाही. तिचं 'मग?' ऐकलं की माणूस फुलायचा. पोपटभाईंचा वायूसुद्धा म्हणे तिथेच मोकळा व्हायचा.

तिचा नवरा वजुभाई. मिठागराच्या ऑफिसातून निवृत्त झालेला. माणूस सरळ, पण कामाशिवाय बसला की अडचण शोधून काढायचा. मागच्या वर्षी त्याची अडचण गच्चीवरची कबुतरं होती. या उन्हाळ्यात पंखा.

त्यांच्या आतल्या खोलीतला पंखा वाजायचा. टक, टक, टक. सगळ्यांचेच पंखे वाजतात, पण वजुभाईला त्याचं मूळ हवं होतं. त्यानं तेल घातलं, कंडेन्सर बदलला, दोन मिस्त्री बोलावले आणि दोघांशीही भांडला. गाठियावाल्याच्या दुकानात उभं राहून तो अनोळखी गिऱ्हाइकाला विचारायचा, "भाई, पंखा फक्त दुपारी वाजत असेल तर त्याचं काय समजायचं?" आम्ही हसायचो. मुक्ताबेन नाही हसायची. ती म्हणायची, "मग? आज किती वाजला?"

ती गेली त्या दुपारी मी नेहमीसारखी गुडघा घेऊन गेले, तर झोपाळा रिकामा. आत डोकावले. वजुभाई जमिनीवर बसला होता आणि मुक्ताबेनचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. पंखा फिरत होता. खोलीच्या मधोमध एक स्टूल उभं होतं. ते तिथे कशाला, हे त्या गडबडीत कुणाच्या मनात यायचं कारण नव्हतं. मी ओरडले, ओळ गोळा झाली, डॉक्टर आला, त्यानं मान हलवली.

तेव्हापासून वजुभाई बोलला नव्हता. एक शब्द नाही. रडलाही नव्हता. अग्नी देताना नाही, नयना येऊन गळ्यात पडली तेव्हा नाही. ताटात हात घालायचा आणि तसाच काढायचा. एकच गोष्ट करायचा. कुणी त्या खोलीतला पंखा लावला की उठून बंद करायचा. वैशाखाचा उकाडा, घरात पाहुणे, सगळे पदरांनी वारा घेत बसलेले. लाभुबेन मला म्हणाल्या, "दुःख आपल्या जागी, पण माणसानं वाऱ्याशी वैर करावं का?"

बेसण्याला निघताना नयनानं माझा हात धरला. "जशुमासी, पपा असेच राहिले तर मी त्यांना इथे एकटं ठेवून कशी जाऊ? आणि तिकडे नेऊन तरी काय करू? एकदा रडले असते तरी चाललं असतं."

"आज रडेल," मी म्हटलं. "एवढी माणसं येतील, तिच्याबद्दल चार शब्द बोलतील. दगडाला पाझर फुटेल."

चार शब्द! मी तासभर मोजत बसले होते. पाण्याबद्दल झाले, पार्किंगबद्दल झाले, व्हिसाबद्दल झाले, मुक्ताबेनबद्दल एक नाही. माझी खुर्ची गुडघ्यामुळे भिंतीशी ठेवली होती, बायकांच्या सतरंजीच्या कडेला, वजुभाईच्या अगदी मागे. तो पहिल्या दिवशी शाळेत बसवलेल्या पोरासारखा ताठ बसला होता. त्याच्या समोर जो तो येऊन दोन्ही हात हातात घ्यायचा, आपलं काय ते सांगायचा आणि मोकळा होऊन उठायचा. वजुभाई बघत राहायचा. शेवटी तर पोपटभाईंनी कहर केला. त्याचा गुडघा थोपटत म्हणाले, "वजुभाई, भाभी होती तोवर बरं होतं. आता आमचं कोण ऐकणार? आमची फार अडचण झाली बघा."

एवढं ऐकून माझा तोल गेला. "पोपटभाई," मी म्हटलं, "तिनं मरण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं, नाही?"

"असं काय बोलता जशुबेन? मी काय परका आहे?"

"परका असतात तर बरं झालं असतं. निदान गप्प तरी बसला असतात."

ते उठून गेले. मला वाटलं, आता हा म्हातारा असाच गप्प घरी जाणार आणि गप्पच संपणार.

साडेपाचच्या सुमाराला दारात एक गृहस्थ आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, जाड भिंगांचा चष्मा, हातात कापडी पिशवी. दमलेले होते. दारापाशी गर्दी उठत होती, तिच्यातून वाट काढत ते आत आले, खाली बघतच पाकळ्या वाहिल्या, नयनाला नमस्कार केला आणि थेट वजुभाईसमोर येऊन बसले. डोळे मिटून थोडं पुटपुटले. मग मान वर करून फोटोकडे पाहिलं.

त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. फोटोत बाई होती.

माझ्या लगेच ध्यानात आलं. वाडीत त्या दिवशी दोन बेसणी होती. वरच्या मजल्यावर कुणा जयंतीलालचं होतं, दरवाजावर दोन पाट्याही लावलेल्या होत्या. हे बिचारे वर जायचे ते खाली बसले होते. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, मग वजुभाईकडे पाहिलं. आमच्याकडे एकदा ज्याच्या घरचं गेलंय त्याच्यासमोर टेकलं की ताबडतोब उठून जाता येत नाही. चोरासारखं दिसतं ते. ते पुन्हा नीट बसले. आणि बसल्यावर काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी वजुभाईला विचारलं, "काय झालं होतं?"

नयना दाराशी कुणाला तरी निरोप देत होती. उत्तर द्यायला जवळ दुसरं कुणी नव्हतं. मी पुढे वाकले, 'अॅटॅक' म्हणणार तेवढ्यात वजुभाई बोलला.

"पंखा वाजत होता."

चार दिवसांनी फुटलेला तो आवाज, खरखरीत. डोकं फिरलं की काय याचं, असं माझ्या मनात येऊन गेलं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, पंख्याचं काय घेऊन बसलात, आमच्या फ्रिजचा आवाज ऐका. पण या गृहस्थांना ना घर ठाऊक, ना माणसं, ना पंखा. त्यांच्याकडे इथे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. ते म्हणाले, "मग?"

वजुभाईनं त्यांच्याकडे पाहिलं. खरोखर पाहिलं. आणि मग तो थांबेना.

"रोज वाजायचा. मला मूळ सापडत नव्हतं. त्या दिवशी मी खाटेवर पडून कान लावला होता. ती येऊन खाटेच्या कडेला बसली. म्हणाली, 'ऐकलंत का, मला जरा...' मी म्हटलं, 'थांब गं, एक मिनिट बोलू नकोस. आवाज कुठून येतो ते ऐकू दे.'"

"मग?"

"गप्प बसली. तीही वर बघायला लागली. तीही कान लावून ऐकायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, 'पात्यातून नाही येत हो. वरून येतोय. हुकातून.' तीन महिने मला सापडलं नाही ते तिला सापडलं. मी उठलो, पंखा बंद केला, स्टूल आणलं. तिला म्हटलं, 'धर नीट, मी पडेन.' तिनं धरलं. दोन्ही हातांनी धरलं. मी वर चढून पान्यानं हूक आवळला. बराच वेळ लागला. मी तिला वरून सांगत होतो, अगं बरोबर आहे तुझं, केवढा ढिला झालाय बघ. ती 'हं' म्हणाली. एकदाच. मी खाली उतरलो, बटण दाबलं, म्हटलं, 'बघ, गेला आवाज!' मागे वळलो तर ती स्टुलाला टेकून खाली बसली होती."

गृहस्थांनी त्याचा हात हातात घेतला.

"मी उतरेपर्यंत तिनं स्टूल सोडलं नाही," वजुभाई म्हणाला. "मी पडेन म्हणून. आणि तिला काय सांगायचं होतं? 'मला जरा...' काय? जरा काय होत होतं तिला? दुखत होतं? गरगरत होतं? की दुसरंच काही होतं, बाजारातून काही आणायचं होतं? मी कुणाला विचारू भाई? सगळ्यांचं ऐकलं तिनं. आयुष्यभर सगळ्यांचं ऐकलं. एक दिवस बोलायला बसली तर मी म्हटलं, पंख्याचं ऐकू दे."

आणि तो रडायला लागला. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. हॉलमधली कुजबुज एकदम थांबली. नयना धावत आली. तिनं त्याला धरलं तरी त्यानं त्या गृहस्थांचा हात काही सोडला नाही. लाभुबेन तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांना पाणी आठवलं नाही, सून आठवली नाही. माझंही तसंच झालं. मी तिच्या ओसरीवर वर्षानुवर्षं गुडघा मांडत आले, आणि तिचा गुडघा दुखतो की नाही हे मला आज विचाराल तर सांगता येणार नाही.

सहा वाजून गेले. माणसं हळूहळू उठली. वाडीचा रखवालदार सतरंज्या गुंडाळायला लागला तेव्हा ते गृहस्थ उठले, पिशवी घेतली आणि दारापाशी जाऊन त्याला हळूच विचारलं, "वर जयंतीलालचं..."

"वरचं केव्हाच आटोपलं बापा. घरचे लोक फोटो घेऊन गेले."

ते जिन्याकडे बघत राहिले. वजुभाई नयनाच्या खांद्याला धरून मागे येत होता, त्यानं ऐकलं.

"तुम्ही वर जायला आला होतात?"

"हो भाई. मी महुव्याचा, करसनभाई. गर्दीत चुकलो. नजर तेवढी चांगली नाही."

"मग उठायचं होतं ना! मला सांगायचं होतं!"

"कसा उठणार?" करसनभाई म्हणाले. "तुम्ही बोलत होतात."

चपलांचा ढीग होता तिथे जिन्याची पहिली पायरी आहे. तिच्यावर वजुभाई बसला आणि शेजारची जागा हातानं झाडली. "बसा. बसा तर खरे. कोण होते तुमचे जयंतीलाल?"

"कुणी नाही. म्हणजे, सोबती. लहानपणी एका शेठजींच्या बागेत आम्ही दोघं आंबे राखायला होतो."

"मग?" वजुभाई म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. नीट आला नाही त्याला, जरा घाईनं म्हणाला. मुक्ताबेन तो शब्द सोडून देऊन थांबायची, हा त्याच्या मागोमाग धावला. पण करसनभाई बोलायला लागले. जयंती झाडावर चढायचा नाही, भ्यायचा, खाली उभा राहून आंबे झेलायचा. एकदा फांदी मोडली तर आंबे सोडून ह्यांनाच झेलायला धावला होता. दोघांच्या कपाळाला खोक पडली होती. करसनभाईंनी टोपी वर करून व्रण दाखवला. रखवालदार किल्ल्या वाजवत दोनदा येऊन गेला. मी त्याच्यावर डोळे वटारले. माझा गुडघा ठणकत होता आणि मी तशीच उभी राहिले. कुणाला सांगितलं नाही.

करसनभाईंना बसमध्ये बसवून आम्ही घरी आलो. नयनानं दिवा लावला. मी पाणी प्यायला म्हणून आत टेकले. खोली भट्टीसारखी तापली होती. पदरानं वारा घ्यायला मी पदर हातात घेतला, तेवढ्यात वजुभाई उठला आणि भिंतीपाशी जाऊन पंख्याचं बटण त्यानं स्वतः दाबलं.

पंखा फिरायला लागला. हळू, मग जोरात. वारा सुटला, कॅलेंडरचं पान फडफडलं. वजुभाई खाटेच्या कडेला बसून वर बघत होता. आम्ही दोघीही नकळत वर बघायला लागलो.

आवाज येत नव्हता. हूक घट्ट बसला होता.

"जशुबेन," वजुभाई म्हणाला, "ऐकू येतं का काही?"

मी कान लावला. "नाही हो," मी म्हटलं. "काहीच नाही."

"मलाही नाही," तो म्हणाला, आणि खाटेच्या त्या कडेवरून, जिथे ती बसली होती, त्यानं सावकाश हात फिरवला.